सांगड

आयर्विन पुलाच्या खांबावर पाणी फुटांत मोजतात.
खालच्या मळीवरल्या वस्तीत ते वस्तूंनी मोजतात:
जात्याला लागलं,
खाटेला लागलं,
देवाच्या फळीला लागलं.
मी पहिल्यांदा टेप घेऊन गेलो
तेव्हा तायव्वा बुरूड म्हणाली,
"सायब, तुमच्या फुटात आमची फळी कितवी?"

मिरजेत डिप्लोमा केलेला मी,
बगलेत नकाशांची गुंडाळी.
पाण्यासोबत वर जाणारं घर काढलं होतं:
खाली चोवीस निळे ड्रम,
चार कोपऱ्यांना चार पाइप, पाइपांभोवती कड्या.
पूर आला की घर पाइपाला धरून चढणार,
ओसरला की जाग्यावर उतरणार.
कागदावर ते फार शहाण्यासारखं वागायचं.

तिनं नकाशा उलटा धरला, मग आडवा.
कामटी सोलता सोलता विचारत गेली:
घर वर गेल्यावर शेळी कुठं?
संडास घरासंगं येणार, का खालीच ऱ्हाणार?
लाइटीच्या वायरीला एवढा ढिलाव हाय का?
आणि सुसर?
मागल्या खेपेला अंगणात येऊन बसलेली, पावणीसारखी.
तुमच्या ड्रमांच्या मधी तिला चांगली सावली गावंल.

मी लिहून घेत होतो.
पेन्सिल मोडली म्हणून थांबलो, असं सांगता येईल.
खरं म्हणजे उत्तर नव्हतं.

कड्या दस्तगीरनं वेल्ड केल्या.
सतारवाल्यांच्या गल्लीत त्याचं दुकान,
शेजारच्या ओट्यावर भोपळे वाळत टांगलेले.
माप द्यायला आलेली तायव्वा
कड्या सोडून भोपळ्यांकडंच बघत राहिली.
"सांगड," ती म्हणाली.
"पाठीला दोन भोपळे बांधून बापानं मला
कृष्णंत ढकललेलं.
तुम्ही घराला बांधताय.
एवढंच हाय न्हवं?"

एवढंच होतं.
चार महिने मी त्याला
तरंगती संरचना लिहीत होतो.

हरिपूरच्या अंगाला वीटभट्टीची जुनी खण,
पाण्यानं भरलेली. तिच्यात घर सोडलं.
बुडालं नाही. पण कललं:
चुलीकडं, हंड्याकडं,
बाईमाणूस दिवसभर जिकडं असतं तिकडं.
माझ्या आकडेमोडीत माणसं
खोलीभर सारखी पसरली होती,
वाळत घातलेल्या हळदीसारखी.

तायव्वानं कुणाला विचारलं नाही.
जातं उचलून समोरच्या कोपऱ्यात नेलं,
त्याच्याशेजारी कामट्यांच्या मोळ्या रचल्या,
नातवाला म्हणाली, मल्लू, तू हितं बसून पाढे म्हण, हालू नको.
मग टोपलीचं बूड बघतात तसा
एक डोळा मिटून बघितलं.
घर सरळ.

नव्या नकाशात मी जात्याची जागा ठिपक्यानं दाखवली.
मल्लूचीही दाखवली.

ऑफिसात सांगितलं,
पूररेषेच्या आत कायम बांधकामाला परवानगी नाही.
तायव्वा म्हणाली, "कायम कोण म्हणतंय?
चाळीस वरसं झाली,
आमी तात्पुरतंच ऱ्हातोय."
साहेबांनी फाइल मिटली, मग परत उघडली.
नमुना म्हणून एक घर मिळालं.
बाकीची सदतीस
पत्र्याचीच.

ऑगस्टात पुलाखालचे फूट
दर तासाला मोबाइलवर येत होते.
मी रात्री फोन केला.
मागं लोखंडावर लोखंड करकरत होतं,
म्हणजे घर चढत होतं.

"जातं?"
"जाग्यावर."
"लाइट?"
"कवाच गेली."
"आत किती जण?"

थोडा वेळ नुसतं पाणी ऐकू आलं.

"तुमी पाच धरलेली. अकरा हाय.
शेजारची कुठं जाणार?
आणि शेळीची जागा तुमी काढलीच न्हवती, सायब.
ती खाटंवर चढलीया.
घर जरा तिच्याकडं झुकलंय."